सहा नंबरची काडी

आधीच सांगते, मी या सदराची वाचक नाही. आमच्या स्टाफरूममधली एक मैत्रीण डब्याच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवते आणि मी दरवेळी तिची टर उडवते. अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी... मला कंटाळा येतो या सगळ्याचा. मी पाड्यावर वाढलेली मुलगी. अंधारात एकटी विहिरीवर गेलेय, शेतावर झोपलेय, कधी काही दिसलं नाही. जे दिसलं ते सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, दोनअडीचशे माणसांसमोर. आणि ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर माझंच नुकसान होतं. ते पुढे येईलच.

सायवनच्या अलीकडे आमचा पाडा. मी आणि रमिला एकाच शाळेत, एकाच वर्गात, आणि दोघी धावायचो. रोज पहाटे साडेपाचला रस्त्यावरच्या मोरीशी भेटायचं, मग सहा किलोमीटर. रमिला पुढे, मी मागे. हे कधी बदललं नाही. ती अनवाणी धावायची, डावखुरी होती, आणि धावताना मागे वळून बघायची तिला सवय नव्हती. मी मागे पडले की डावा हात पाठीमागे न्यायची आणि बोटं दोनदा आत वळवायची... ये, ये. मला त्या हाताचा राग यायचा. आज कबूल करते, भयंकर राग यायचा.

२०१८च्या पावसाळ्यात एका पहाटे ती मोरीवर आली नाही. मी पाच मिनिटं थांबले. तिचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, पण मी गेले नाही. म्हटलं, झोपलीय म्हैस, झोपू दे. आणि खरं सांगू? बरं वाटलं. पहिल्यांदा माझ्या पुढे कोणी नव्हतं. मी सहाचे आठ किलोमीटर केले, वर मोरीवर बसून आरामात पाय ताणले.

परत आले तर त्यांच्या अंगणात माणसं जमलेली. रात्री झोपेत मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश दुखत नाही, कळतही नाही. पहाटे तिच्या पोटात दुखायला लागलं, तर आईला वाटलं काही खाल्ल्याचं असेल. तिची आई, माझी काकी, घोलवडला चिकूच्या वाडीत तोडणीला जायची, टेम्पो पाचला यायचा. ती गेली. रमिला एकटी पडून राहिली. शेजारणीने बघितलं तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. दवाखान्यात नेताना वाटेतच गेली.

मी हाक मारायला गेले असते तर दोन तास मिळाले असते. हे मला कोणी म्हणालं नाही. काकीसुद्धा नाही.

त्यानंतर जिल्ह्याच्या संघासाठी क्रॉस कंट्रीची निवड चाचणी आली. थंडीचे दिवस, २०१९ नुकतंच लागलेलं. तेव्हा आमच्याकडे डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के चालू होते, रोज एकदोन तरी. जमिनीतून गडगड आवाज यायचा, मग भांडी वाजायची. घराघरातली माणसं बाहेर प्लास्टिक बांधून झोपायची, आम्हीही. झोप कोणाचीच धड नव्हती. हे मुद्दाम सांगते, म्हणजे ‘झोप नव्हती म्हणून भास झाला’ असं तुम्हाला म्हणायचं असेल तर म्हणा. मीही वर्षभर तेच म्हणत होते.

बाबांनी मला सांगून ठेवलं होतं. "सहात आलीस तर शीक, धाव, काय करायचं ते कर. नाही आलीस तर उन्हाळ्यात लग्न. पोरगा बघून ठेवलाय." बाबा वाईट नव्हते. पण शब्द फिरवणारेही नव्हते. संघात सहा मुली घेणार होते आणि मला काहीही करून त्या सहांत यायचं होतं.

चाचणी तलासरीच्या बाजूला, एका शाळेच्या मैदानावर. भात कापून झालेली शेतं, बांध, एक कोरडा ओहोळ, तळ्याची पाळ आणि परत मैदान. अशा दोन फेऱ्या, मिळून चार किलोमीटर. ज्यांनी ही शर्यत बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, शेवटी दोन्ही बाजूंना दोरी बांधून एक बोळ करतात. त्यात एकामागे एक शिरायचं, पुढचीला ओलांडायचं नाही. बोळाच्या टोकाला एकजण आइस्क्रीमच्या काड्या घेऊन बसतं. काड्यांवर स्केचपेनने एक, दोन, तीन लिहिलेलं. येईल तिला पुढची काडी. हातात जी काडी, तो तुमचा नंबर. त्या दिवशी काड्या मेहेर बाईंकडे होत्या. समुद्राकडच्या गावातल्या शाळेच्या बाई, आवाज खणखणीत, शिस्त कडक.

पहिली फेरी माझी वाईट गेली. तळ्याच्या पाळीवर आमचे चुरी सर उभे होते, ते ओरडले, "दर्शना, अकरावी आहेस! काय चाललंय?" मला रडू यायला लागलं. पोटऱ्या दगड झालेल्या. लग्नात नेसायची साडी कुठल्या रंगाची असेल, असलं काहीतरी डोक्यात यायला लागलं.

दुसऱ्या फेरीत ओहोळ उतरून वर चढले आणि पुढे एक मुलगी दिसली. मरून टी-शर्ट. तो आमच्या शाळेचा, आणि आमच्या शाळेतून त्या दिवशी मी एकटीच आलेली. पाठीवर चेस्ट नंबर नाही. पाय अनवाणी. मी काही विचार करायच्या आत तिने डावा हात पाठीमागे नेला आणि बोटं दोनदा आत वळवली.

घाबरले का? नाही. हे मला आजही विचित्र वाटतं. उलट श्वास जागेवर आला. पायांना तिची चाल पाठ होती, ते आपोआप तिच्या मागे लागले. बांधावर एक मुलगी मागे पडली, पाळीवर दोन, उतारावर आणखी दोन. मी मोजत होते. अकरातून पाच गेल्या... म्हणजे मी सहावी. मग लक्षात आलं, सहावी ती आहे. मी सातवी.

आता जे लिहितेय ते लिहायला मला लाज वाटते. त्या क्षणी ती मेलेली आहे हे माझ्या मनातही आलं नाही. फक्त हेच आलं की ही माझी जागा घेतेय. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मी तिला मागे टाकायला जीव तोडून धावले. नाही जमलं. कधीच जमलं नव्हतं. ती बोळात शिरली, मागोमाग मी. मान खाली, डोळ्यांत घाम. पुढून मेहेर बाईंचा आवाज ऐकू आला, "डावा काय पुढे करतेस? उजव्या हाताने घे गं."

मग माझ्या हातात काडी आली. सात. मान वर केली तर पुढे कोणीच नव्हतं. लांब गवतावर पाच मुली लोळत होत्या.

नेमका त्याच वेळी धक्का बसला होता. धावताना मला कळलाही नाही, पण मंडपातली सगळी माणसं, वेळ लिहिणारे, नावं लिहिणारे, उठून मैदानाच्या मधोमध पळाली होती. जागेवर बसून राहिल्या त्या एकट्या मेहेर बाई. त्यामुळे सहावी कोण आली हे लिहिलेलंच नव्हतं. काड्या गोळा केल्या तर पाच नंतर थेट सात. सहाची काडी कोणाकडेच नाही. चेस्ट नंबरप्रमाणे मुली मोजल्या, सगळ्या हजर. गवत शोधलं, बाईंची पिशवी उलटी केली.

"मी दिलीय," मेहेर बाई म्हणाल्या. "मरून टी-शर्टवाली होती. डाव्या हाताने घेऊन गेली."

"मरून टी-शर्ट तर हिचाच आहे, बाई," कोणीतरी म्हणालं. "धक्क्यात गोंधळ झाला असेल. काडी पडली असेल कुठेतरी."

"गोंधळ तुमचा झाला. मी उठले तरी का?"

शेवटी चुरी सर माझ्याकडे वळले. शांत माणूस, कधी मुलींवर हात उगारला नाही, खोटं बोललेलं मात्र त्यांना खपायचं नाही. त्यांनी सरळ विचारलं, "दर्शना, तुझ्या पुढे कोणी मुलगी होती का?"

होती म्हटलं असतं तर चौकशी, नाव विचारलं असतं, आणि मी काय नाव सांगणार होते? सातवीची सातवीच राहिले असते आणि उन्हाळ्यात लग्न.

"नाही सर," मी म्हटलं. "पुढे कोणी नव्हतं."

सातवर काट मारून त्यांनी सहा केलं. माझी निवड झाली.

मागे पडलेल्या पाचांपैकी एक मुलगी नळावर पाणी पिताना भेटली. तिला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, माझ्या पुढे कोणी दिसलं का? ती म्हणाली, "नाही गं. पण तू बोलत होतीस ना कोणाशी? थांब, थांब म्हणत होतीस." मला आठवत नाही. शपथेवर सांगते, आठवत नाही.

निघताना मेहेर बाईंनी मला बाजूला घेतलं. "पोरी, तू तिच्या इतकी मागोमाग होतीस की हात लांब केला असता तर लागला असता. मी कोणाला काही सांगणार नाही. पण तू मला सगळ्यांसमोर वेड्यात काढलंस." त्या गेल्या.

संध्याकाळी पाड्यावर काकी अंगणात बांधलेल्या प्लास्टिकखाली बसली होती. मला बघून म्हणाली, "झाला का सिलेक्शन तुझा?" मी मान हलवली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "चांगला झाला. रमिला असती तर ती पण असती त्या सहांत." मी तिथेच बसले आणि रडले. काकीला वाटलं, आनंदाने.

राज्य स्पर्धेला गेले, शेवटून तिसरी आले. पुढे कोणी नव्हतं, म्हणजे मुली होत्या, पण तो हात नव्हता. त्यानंतर तो कधीच दिसला नाही. बाबांनी शब्द पाळला, मी शिकले. आज खेळाची शिक्षिका आहे आणि आमच्या भागात शर्यती असल्या की काड्यांवर नंबर मीच लिहिते. सहाच्या दोन लिहिते. एक गठ्ठ्यात, एक खिशात. खिशातली आजवर कोणी मागितली नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. झोप नव्हती हे खरं. पण झोप नव्हती ती मला, काडी मात्र मेहेर बाईंच्या हातातून गेली. आणि त्याहून मोठा प्रश्न मला छळतो तो वेगळाच. ती मला पुढे न्यायला आली होती, की तिची स्वतःची जागा घ्यायला आली होती? पहिलं असेल तर मी तिचे उपकार नाकारले. दुसरं असेल तर तिची जागा ढापली. दोन्हींत मी वाईटच.

मेहेर बाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांना सांगायचं राहून गेलं. चुरी सर निवृत्त झालेत, हे सदर वाचतात की नाही माहीत नाही. वाचत असाल तर सर, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर देते.

होती. माझ्या पुढे एक मुलगी होती.