काकांची पगडी आणि फिरती खोली

त्या खोलीवरचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. खोलीवरचा कशाला, काकांवरचाच म्हणा ना!

ग्वाल्हेर संस्थान नुकतंच मध्यभारतात विलीन झालं होतं. दरबार संपला, तरी काका दरबारी पगडी चढवल्याशिवाय आमच्या दाना ओळीच्या मोहल्ल्याबाहेर पाऊल टाकत नसत. वडील गेल्यापासून तेच आमचे पालक. मला शिक्षिका व्हायचं होतं, इंदूरला ट्रेनिंगला जायचं होतं. फॉर्म भरून तयार होता, फक्त काकांची सही राहिली होती. "मेळ्यातून आलो की करतो," असं ते म्हणाले होते.

मेळ्यात त्या वर्षी जादूचा झोपाळा आला होता. एका बंद खोलीच्या मधोमध बाक टांगलेला. आई, काका आणि मी त्यावर बसलो. बाक जरासा झुलला आणि भिंती, खिडक्या, खिळ्यांनी ठोकलेलं टेबल, सगळंच आमच्याभोवती फिरू लागलं. छत पायाखाली आलं. आपण उलटे लटकलोय याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. काकांनाही नसावी. पगडी खाली पडली तर घराण्याची अब्रूच पडायची, म्हणून त्यांनी ती घाईघाईने उतरवली आणि मांडीत घट्ट धरून ठेवली. मी मान वळवली आणि नेमकी त्या पगडीतच ओकले.

खेळवाला हसून म्हणाला, "बाबूसाहब, आप तो हिले ही नहीं. कमरा घूमता है, बस."

काका पगडी हातात धरून बोडक्यानेच घराकडे निघाले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "वहिनी, पाहिलीत ना हिची तबियत? बसल्या जागी चक्कर येते हिला. इंदूरला एकटी कशी राहणार? सवालच नाही!"

मी भडकले. "आणि तुम्ही, काका? उलटे झालाच नव्हतात, तर पगडी का काढलीत?"

आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. फसलो दोघंही, शिक्षा मात्र एकटीला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! फॉर्म कोनाड्यात पडून राहिला आणि मुदत निघून गेली.

उन्हाळ्यात नव्या राज्याच्या कचेऱ्यांची ग्वाल्हेर आणि इंदूरमध्ये वाटणी झाली आणि काकांचं खातं इंदूरला गेलं. काकू ग्वाल्हेर सोडायला तयार नव्हती. तेव्हा काका आईला म्हणाले, "वहिनी, हिला द्या माझ्याबरोबर. जेवणाचा इंतजाम होऊन जाईल."

या वेळी माझ्या तबियतीची चौकशी कोणी केली नाही. इंदूरला मी दोन वर्षं पोळ्या लाटल्या. ट्रेनिंगची शाळा आमच्या बिऱ्हाडापासून दोन गल्ल्यांवर होती. सकाळी तिची घंटा स्वयंपाकघरात ऐकू यायची, आणि ती ऐकली की काका बाहेरून हाक मारायचे, "चल, पान वाढ."