काकूंना घाटात उतरावं लागू नये म्हणून

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक उरलेले नटबोल्ट आणि दुसरे किस्से. नटबोल्ट महिन्यातून एकदा भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही! बोईसरला तारापूर रोडवर माझं गॅरेज आहे आणि तिथं साठलेल्या किश्शांपैकी निम्मे एकट्या नानांचे आहेत. सांगून टाकतो, माझं डोकं तरी हलकं होईल.

नाना म्हणजे उमरोळीचे मोरेश्वर पाटील. एका कंपनीत जन्मभर बॉयलर सांभाळून रिटायर झालेले. त्यांच्याकडे एक जुनी, क्रीम कलरची, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली गाडी आहे. लग्न झाल्या झाल्या सेकंडहँड घेतलेली. नाना सांगतात, पहिलं वर्षभर मस्त पळाली, मग जी बसली ती बसलीच.

नानांची बायको म्हणजे सुमनकाकू, त्यांचं माहेर मासवण. पालघरहून तिकडे जायचं तर मध्ये वाघोबाचा घाट. गाडी भरलेली असली की घाटात तिचा दम जातो. मग नाना मान न वळवता म्हणतात, "उतरा." काकू उतरतात आणि चढ चालत जातात. इतकी वर्षं ही बाई स्वतःच्या माहेरी निघते गाडीतून आणि घाट चढते पायी!

यंदा काकूंच्या भाच्याचं लग्न ठरलं. काकूंनी जाहीर केलं, "नवी साडी नेसून मी घाटात उतरणार नाय. उतरले तर परत बसणार नाय. मग ती गाडी सरळ भंगारात घाला."

काकू बोलल्या की करतात. नाना त्याच दिवशी माझ्याकडे आले.

*

"पावर वाढव," नाना म्हणाले. "पण बजेटमधी."

मी म्हटलं, "नाना, इंजिन खोलू. रिंगा बदलू, बोअर करू."

"इंजिन खोलायचं नाय!"

"मग पावर कुठून वाढवू? डिकीतून?"

नाना विचारात पडले. खरंच विचारात पडले हो! म्हणाले, "डिकीत काय करता येल?"

वर त्यांचा एक नियम आहे. ड्रायव्हरच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. मुलगा नितीन तिशी ओलांडून गेला, त्यालासुद्धा परवानगी नाही. मी मेकॅनिक, मलाही नाही! "तू बोनेटमधी बघ. आत माझं मी बघतो." गाडी आतून पुसायचं कामही काकूंचं. एखाद्या डॉक्टरला पेशंटला हात न लावता औषध द्यायला सांगावं, तशी माझी अवस्था.

*

मी सहज बोलून गेलो, की गाडीचं वजन कमी झालं तर चढायला बरं. तेवढं वाक्य मी गिळायला हवं होतं.

दोन दिवसांनी फोन. "उमरोळीच्या फाटकापाशी पंक्चर झालोय. ये."

"स्टेपनी लावा ना."

"ती घरी हाय."

"जॅक?"

"तो पण घरी. टूल किट पण घरी. तूच बोललास वजन कमी कर!"

मी त्यांच्या घरून स्टेपनी आणि जॅक माझ्या स्कूटरवर बांधून नेला. नाना फाटकाशेजारच्या टपरीवर चहा पीत बसले होते. मला बघून म्हणाले, "पण एक हाय, फाटकाच्या चढावर जरा हलकी वाटली." मी चाक बदललं आणि निघून आलो.

*

बॉयलरवाल्याचं डोकं एका बाजूनं चालतं. आगीला हवा पाहिजे! नानांनी एअर फिल्टर काढून फेकला आणि त्या जागी बाथरूमचा पाइप बसवला. तोंड पुढच्या जाळीतून बाहेर. "गाडी पळाली की हवा आपोआप घुसणार."

हवा घुसली. पण नाना गेले मुरब्याला, मासळी आणायला. येताना पुढं सुक्या जवळ्याचा टेम्पो, वर ताडपत्री अर्धवट बांधलेली आणि वारा जोरात. गाडी माझ्या दारात आली तीच खोकत. बोनेट उघडलं तर पाइपातून कार्ब्युरेटरपर्यंत सगळा जवळा! मी चिमट्यानं एकेक काढतोय आणि नाना शेजारी उभे राहून विचारतायत, "टाकू नको, चांगला हाय का?"

अर्धा तास गॅरेजात भाजलेल्या जवळ्याचा वास होता. शेजारचा वडापाववाला येऊन विचारून गेला, आज जेवायला काय आहे म्हणून.

*

शेवटी मी हात जोडले. "नाना, निदान इंजिनाचं वरचं झाकण, हेड तरी काढू द्या. खालून जरा घासून घेतलं की कॉम्प्रेशन वाढतं. खर्च फार नाही." कसेबसे तयार झाले.

हेड घेऊन आम्ही तिवारीकडे गेलो. त्याचं लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे आणि बोईसरमध्ये त्याच्याइतका सावकाश आणि नेमका माणूस दुसरा नाही. नाना त्याच्या खांद्यावरून वाकून उभे. "थोडा और." तिवारीनं घासलं. "थोडा और." पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा "थोडा और" म्हटल्यावर तिवारीनं मशीन बंद केली.

"चाचा, ये इंजन का हेड है, मूली नहीं है!"

गॅरेजात येऊन हेड बसवलं. टायमिंग लावलं. पेडल दाबलं की हलतो तो कार्ब्युरेटरचा दांडा मी बोनेटशी उभं राहून हातानं पूर्ण ओढला. आम्ही सगळे मेकॅनिक असंच तपासतो. इंजिन असं गरजलं की वरचा पत्रा थरथरला. बघायला आलेला तिवारी खूश, मी खूश.

संध्याकाळी नाना परत. "चढत नाय."

"अहो, तुमच्यासमोर ओरडलं ना?"

"इथं ओरडते. घाटात मांजर होते."

मी दांडा पुन्हा ओढला, ती पुन्हा गरजली. असं आठवडाभर चाललं. ते घाटातून यायचे तोंड पाडून आणि मी दांडा ओढून दाखवायचो. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायला लागलं होतं.

*

मध्येच नानांना मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ सापडला. पेट्रोलच्या टाकीत डांबरगोळ्या टाकल्या की म्हणे पावर वाढते. नानांनी आख्खं पाकीट टाकलं.

मला कळलं तेव्हा मी ओरडलोच. टाकी काढली, धुतली, पाइप साफ केले. गाडीला आमच्या आजोळच्या कपाटासारखा वास येत होता. नाना पडेल आवाजात म्हणाले, "कायच फायदा नाय झाला?"

"झाला ना. इंजिनाला कसर लागणार नाही!"

ते हसले नाहीत. बाकावर बसले आणि म्हणाले, "चार दिवस रायले रे. भंगारवाल्याचा नंबर तिनं फ्रिजवर चिकटवलाय." तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. चिडलो होतो खरा, पण त्या गाडीवर माझाही जीव बसला होता.

*

लग्नाच्या सकाळी मलाही गाडीत घेतलं. "मेकॅनिक सोबत असलेला बरा." पुढं नाना आणि काकू, मागं नितीन, त्याची बायको आणि मी. काकूंची साडी मोरपंखी, मांडीवर आहेराची पिशवी आणि वाघोबाचा नारळ.

पालघर सोडलं. घाट लागला. तिसरा गिअर, दुसरा, पहिला. डोक्यावर भाजीच्या पाट्या घेतलेल्या दोन बायका आमच्या शेजारून पुढं गेल्या आणि त्यातल्या एकीनं वळून बघितलंसुद्धा. वळणावर गाडी थांबली. नानांनी हँडब्रेक ओढला. मान न वळवता, आवाज अगदी बारीक करून म्हणाले, "उतरा."

काकू हलल्या नाहीत. पर्समधून मोबाइल काढला. कुणाला फोन लागणार ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

माझं डोकंच फिरलं. एवढे दिवस राबलो, ते काय हे बघायला? मागून ओरडलो, "नाना, अहो पाय दाबा ना पूर्ण! तिथं गॅरेजात गरजते ती!"

"दाबलाय! पार खाली टेकलाय!"

"टेकलाय तर चढत का नाही?"

"मना काय विचारतो? मेकॅनिक तू हायस!"

काकूंचा मोबाइल हातातच राहिला. "कशाला टेकलाय?" त्यांनी विचारलं.

"पत्र्याला, दुसरं कशाला!"

"पत्र्याला नाय टेकत तो," काकू म्हणाल्या. पिशवी सीटवर ठेवली, वाकल्या, नानांचा पाय हातानं बाजूला सारला आणि पायाखालचं काथ्याचं जाड मॅट उचललं. अॅक्सिलरेटरच्या बरोबर खालून त्यांनी एक लाकडी ठोकळा काढला. जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला आणि वरून झिजून गुळगुळीत झालेला. "आता दाबा."

नानांनी हँडब्रेक सोडला आणि दाबला. गाडीनं अशी उडी घेतली की नितीनच्या बायकोचा गजरा माझ्या मांडीवर पडला! भाजीवाल्या बायका मागं पडल्या, एक टेम्पो मागं पडला. बघता बघता घाटमाथा आला, वाघोबाचं देऊळ आलं.

देवळापाशी गाडी उभी राहिली. नाना समोरच्या काचेतून बघत होते.

"कधी ठेवलास?"

"नितीन पोटात व्हता तवा. तुमी लय हाणायचा गाडी. आई बोलली, गचके नको."

"आणि मग इतकी वर्षं चालत गेलीस?"

"मना काय ठाव चढायला पण तेच लागतं! मना वाटलं त्यानं नुसती पळते."

नितीन एकदा आईकडे बघत होता, एकदा त्या ठोकळ्याकडे. मी माझ्या हातांकडे बघत बसलो. याच हातांनी आठवडाभर बोनेटमधला दांडा ओढला होता.

आम्ही उतरलो. नारळ फोडला, हात जोडले, खोबरं वाटलं. परत गाडीत बसलो. नानांनी चावी फिरवली, बाह्या वर सारल्या आणि कित्येक वर्षांनी सापडलेला तो पेडल एकदा दाबून बघितला. इंजिन मस्त गरजलं. नाना आरशात बघून माझ्याकडे हसले.

"थांबा," काकू म्हणाल्या. वाकल्या, मॅट उचललं आणि ठोकळा जागच्या जागी ठेवून दिला.

"आता उतार हाय."