नळीतून जाणारी पेज

पक्षाघातानंतर पप्पांचं जेवण नाकातल्या नळीतून जातं. तरी आई रोज पेजेची वाटी हातात धरून म्हणते, "प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार." ज्याला चव नाही, गिळणं नाही, त्यानं आभार कशाचे मानायचे?

काल आई औषधं आणायला गेली होती. मी प्रार्थना न करताच नळी हातात घेतली. पप्पांनी डोळे मिटले, आणि मिटलेलेच ठेवले. अंगात आता तेवढंच त्यांच्या हुकमात उरलंय. पेज निवत चालली. नळी भरणं आणि जेवणं यात त्या एका ओळीचाच फरक असावा.

शेवटी मी ती पुटपुटलो. एकाही शब्दावर माझा विश्वास नव्हता. "आमेन" म्हटल्यावर पप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, ताटावर बसलेला माणूस वाढणाऱ्याकडे बघतो तसं.