बिनगाठीचा बर्फ

आमच्या मामांचा अबोला ज्याच्या वाट्याला आला नाही असा माणूस औंढा नागनाथापासून हिंगोलीपर्यंत शोधून सापडला नसता. माणसांचं सोडा, परसातल्या विहिरीशीही त्यांनी दोन वर्षं अबोला धरला होता. का, तर तिने त्यांचा तांब्या गिळला! त्या धसक्याने विहीर आटली असं ते सांगत. मी स्वतः वाकून तळ पाहिलाय, तेव्हा खरं मानणं भाग आहे. पण अबोला म्हणजे गप्प बसणं नव्हे. ते मामांच्या प्रकृतीला मानवत नसे. जी वस्तू हाताशी असेल तिच्यामार्फत ते बोलत. मामींशी बिनसलं की, "पाटोबा, तिला सांग, भाजीत मीठ न्हाई!" घराबाहेर हे काम छत्रीकडे असे.

या साऱ्या अबोल्यांचा राजा म्हणजे चाँदभाई पिंजाऱ्याशी धरलेला. दोघं लहानपणचे दोस्त, एकाच चिंचेवरून पडून दोघांनी डावाच हात मोडून घेतलेला. चाँदभाईने एकदा गादी भरून दिली. मामा म्हणाले, "गादीत गाठ हाय." चाँदभाई म्हणाला, "गाठ गादीत न्हाई, तुझ्या पाठीत हाय." झालं! बारा वर्षं मामा कण्हत त्या गाठीवर झोपले, पण दुसऱ्या पिंजाऱ्याला गादीला बोट लावू दिलं नाही.

ते निजामाच्या अमलातले दिवस. बर्फ आगगाडीने हिंगोलीला यायचा, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. वैशाखातल्या एका बाजारी मी मामांना जन्मातला पहिला गोळा खायला नेलं, आणि बघतो तर पालाखाली चाँदभाई! उन्हाळ्यापुरतं पिंजण खुंटीला टांगून तो उलट्या रंध्यावर बर्फाची लादी घासत होता, आणि खाली पिंजलेल्या कापसासारखा भुरभुर बर्फ पडत होता. ऊन असं, की छत्रीची सावलीसुद्धा छत्रीखाली येऊन बसलेली. मामा दहा पावलं मागे गेले, बारा पुढे आले. शेवटी छत्री पुढे झाली.

"छत्रीबाई, इचार त्याला, गोळा देतो काय?"

"बाई, त्याला सांग," मान वर न करता चाँदभाई म्हणाला, "देतो. पन आधी चाचपून घे म्हनावं, गाठ-बिठ असंल!"

सारा बाजार हसला. मामांनी तिरीमिरीत लालभडक गोळा उचलला आणि आख्खाच्या आख्खा तोंडात कोंबला. पुढच्याच क्षणी डोळे पांढरे, मिशा ताठ, आणि कपाळ धरून मामा धुळीत! चाँदभाई लादीवरून उडी मारूनच आला.

"अरे येड्या, थुंक! जीव देऊन राहिला काय? थुंक म्हन्तो ना!" आणि आपल्या तळव्याने तो मामांचं कपाळ खसाखसा चोळू लागला.

मामांची जीभ हळूहळू वितळली. "छत्रीबाई, ऐकलंस? आधी तो बोलला!" मग छत्री मिटून त्यांनी बाजूला ठेवली. "चाँद्या, ह्यात गाठ न्हाई रे."

"व्हय," चाँदभाई म्हणाला. त्याचा हात अजून कपाळावरच होता. "गादी काढून ठेव. उद्या येतो."

त्यानंतर दर वर्षी तो गादी पिंजायला यायचा. दिवसभर गप्पा चालायच्या, आणि गाठ जिथल्या तिथे राहायची. एकदा न राहवून मी मामांना विचारलं, तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मीच ऱ्हाऊ दे म्हन्तो. गाठ गेली तं तो काहून येईल?"

आता दोघंही नाहीत. गादी माझ्याकडे आहे. पाठ दुखते माझी, पण अजून कुणाकडे ती पिंजायला दिलेली नाही.