पिवळ्या फितीच्या सिंधूताई

ऑफिसात डबा उघडत होते तेवढ्यात जयपूरचा फोन आला. मुकुंदराव बोलत होते. लाइन खरखरत होती म्हणून त्यांना एकच वाक्य दोनदा सांगावं लागलं. "सिंधू गेली. काल पहाटे... हार्ट." अजू पोचला का, घरात आत्ता कोण आहे, रत्नागिरीला कळवलं का, असं मी भराभर विचारत गेले. माझा स्वभावच तसा आहे, आधी कामं आणि मग बाकीचं. "सगळं झालं हो. तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं होतं," ते म्हणाले. फोन ठेवला, डबा बंद केला आणि त्या दिवशीच्या कामांच्या यादीकडे बघत बसले. यादीतलं एकही अक्षर दिसत नव्हतं.

विमा कंपनीतल्या माझ्या नोकरीमुळे आम्ही पाच वर्षं जयपूरला होतो. बनी पार्कमधल्या एका घरात आम्ही वर राहायचो आणि खाली मुकुंदराव, सिंधूताई आणि त्यांचा मुलगा अजू. मुकुंदराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात. सिंधूताई मूळच्या रत्नागिरीकडच्या, तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. नवऱ्याच्या बदलीमुळे ती नोकरी सुटली आणि इथे आल्यावर त्या घरातच बसल्या. त्यांना हिंदी समजायचं, पण बोलायला तोंड उघडायचं नाही. "चुकलं तर हसतील गो. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात," असं त्या म्हणायच्या. त्यांची भाजी मी आणायचे, दुधवाल्याशी अजू बोलायचा. कोकणाच्या जवळपास बदली मिळावी म्हणून दरवर्षी त्या मुकुंदरावांना अर्ज करायला लावायच्या आणि दरवर्षी नकार आला की दोन दिवस दारं-खिडक्या लावून घ्यायच्या.

त्यांचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने अजूसाठी परदेशातून रेडिओवर चालणारा ट्रक आणला. हातभर लांब, मोठाली रबरी चाकं आणि खाली खरी बॅटरी. हातातल्या डब्याची कळ फिरवली की वळायचा, दाबली की सुसाट सुटायचा. अजूने आठवडाभर तो भिंतींवर आपटला आणि मग क्रिकेटच्या मागे लागला. एका दुपारी मी पातेलं परत करायला खाली गेले, तर मागच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रावर तो ट्रक सुटा होऊन पडला होता आणि सिंधूताई चष्मा कपाळावर चढवून त्यात डोकं घालून बसल्या होत्या. "अगो नलू, ही चाकं प्लॅस्टिकवर फिरतायत. घासून अर्धी ताकद वाया जाते बघ." इतक्या उत्साहाने बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. शाळेत त्या कशा शिकवत असतील ते मला त्या दिवशी कळलं.

मग भावाला पत्रं गेली. दर बंदराहून काही ना काही यायला लागलं. चाकांत बारीक बॉल बेअरिंग बसली, जास्त ताकदीची मोटार आली. बॅटरी खाली सरकवून त्यांनी ट्रकचा भार जमिनीजवळ आणला, म्हणजे वळणावर तो कलंडणार नाही. टपावरचे खोटे दिवे, नळकांडी, आत बसवलेला प्लॅस्टिकचा ड्रायव्हर असं जे जे नुसतं दिसायला होतं ते सगळं काढलं. "ह्याला कशाला ओझं? चालवणारी मी आहे," म्हणत त्यांनी ड्रायव्हर अजूला दिला.

रविवारी सकाळी एका शाळेमागच्या मैदानावर अशा ट्रकच्या शर्यती होतात ही बातमी मुकुंदरावांनी आणली. ती मंडळी सुरेंद्रजींनी जमवली होती. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, त्यांची रत्नांची पेढी होती. या खेळण्यांसाठी रेडिओच्या लहरी सहाच, त्यामुळे एका वेळी सहाच ट्रक धावू शकत. प्रत्येक लहरीला एक रंग आणि त्या रंगाची फीत डब्याच्या एरियलला बांधलेली. एकाच रंगाचे दोघं आले तर एकाचा ट्रक दुसऱ्याच्या हुकमावर धावायचा. म्हणून रंग वाटून दिलेले असत आणि मागे वाट बघणारे बरेच. पिवळ्या रंगाचा माणूस नुकताच गाव सोडून गेला होता. सिंधूताईंचा ट्रक उलटा करून, खालून वरून बघून सुरेंद्रजींनी पिवळी फीत त्यांच्या हातात दिली. नियमही सांगितला, लागोपाठ तीन रविवार शर्यत पुरी झाली नाही तर रंग पुढच्याला. सिंधूताईंनी नुसती मान हलवली. फेऱ्या मोजायला नीट कागद-पेन्सिल धरणारं माणूस हवं होतं, ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

त्याच सुमारास भावाकडून तेलाचे शॉक ॲब्सॉर्बर आले. त्यांच्याबरोबरची तेलाची कुपी पार्सलमध्येच फुटली होती. सिंधूताईंनी गावाकडून आलेलं घाण्याचं खोबरेल फडक्यातून गाळून त्यांत भरलं. "ह्याच्याइतकं शुद्ध तेल ह्या गावात मिळायचं नाही." गच्चीवर विटा मांडून आम्ही भर दुपारी ट्रक चालवून पाहिला. विटांवरून तो असा अलगद उतरला की मुकुंदरावांनी पेपर बाजूला ठेवला.

रविवारी सकाळी मैदानावर तोच ट्रक पहिल्याच उंचवट्यावरून बेडकासारखा उडाला आणि पाठीवर पडला. सरळ केला, पुन्हा उडाला. घरी आणून दुपारी गच्चीवर लावला तर शहाण्यासारखा चालला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. स्प्रिंग बदलल्या, चाकं बदलली, काही फरक नाही. लाल फीतवाला एक पोरगेलासा माणूस म्हणाला, "आंटी, आपका ट्रक घर में शेर है, बाहर बकरी." सगळे हसले. सिंधूताईही हसल्या आणि ट्रक पदराखाली घेऊन घरी निघाल्या. दारात म्हणाल्या, "माझ्यासारखाच निघाला गो. घराबाहेर पडला की गार." तिसऱ्या रविवारी शर्यत पुरी झाली नाही तर त्या पुन्हा त्या मैदानावर यायच्या नाहीत आणि मैदानावरच काय, कुठेच जायच्या नाहीत, हे मला दिसत होतं. त्या आठवड्यात मुकुंदराव हळूच म्हणाले, "एवढी शर्यत पार पडू दे हो."

शनिवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. जानेवारीची थंडी, नळाच्या पाण्याने बोटं वाकडी झालेली. सिंधूताई न्हायच्या आधी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायला वर आल्या. आम्ही मराठी बायका थंडीत रोज हेच करायचो, बाटलीतलं तेल पांढरं घट्ट झालेलं असायचं. त्यांनी बाटली कठड्यावर ठेवली, जिन्याकडे वळल्या, थांबल्या, परत आल्या. बाटली हातात घेऊन उलटी केली. थेंब पडला नाही.

"नलू..." त्या म्हणाल्या, "अगो, आपण रोज हिला उन्हात ठेवतो!"

मला काही कळेना. त्या खाली बसून हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "दुपारी पातळ, सकाळी दगड! त्या बिचाऱ्या ट्रकच्या पायांत मी दगड भरलेत आणि दोष देत्येय स्प्रिंगांना. रत्नागिरीत हे कधी गोठलंच नाही गो, माझ्या डोक्यात येणार कुठून?"

थंडीत न गोठणारं तेल गल्लीत कोपऱ्यावरच होतं, सरसोंचं, म्हणजे मोहरीचं. पण त्या वासापायी तीन वर्षांत त्यांनी ते घराचा उंबरा ओलांडू दिलं नव्हतं. मी पिशवी घ्यायला वळले तर म्हणाल्या, "तू नको. मी जाते." मी चार पावलं मागे राहून गेले. दुकानासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, पदर दोनदा सारखा केला आणि म्हणाल्या, "भैया, सरसों का तेल देना. थोडासा."

"सब्ज़ी के लिए चाहिए या अचार के लिए, बहनजी?"

"ट्रक के लिए."

दुकानदाराने वर पाहिलं. "पूरे ट्रक के लिए थोडासा?"

"हमारा ट्रक छोटा है," सिंधूताई म्हणाल्या आणि हाताने लांबी दाखवली. तो हसला. त्या दचकल्या, मग त्याही हसल्या.

रविवारी मैदानावर दव होतं. ट्रक पहिल्या उंचवट्यावर चढला, उतरला, चारी चाकांवर. मी कागदावर रेघ मारली. दुसऱ्या फेरीत लाल ट्रकने त्याला धक्का दिला, पिवळा डुगडुगला आणि सावरला. सिंधूताई ओठ घट्ट मिटून, डबा पोटाशी धरून उभ्या होत्या. वळणावर त्या स्वतःच कलत होत्या. सहातला एक ट्रक मोटार तापून बसला, उरलेल्या पाचांत त्या शेवटच्या आल्या. पण आल्या. सुरेंद्रजींनी ट्रक उचलून नाकाशी नेला. "भाभीजी, इसमें से तो अचार की ख़ुशबू आ रही है!" मग फितीकडे बोट करून म्हणाले, "पीला आपका." सिंधूताईंनी सगळ्यांदेखत उत्तर दिलं, "मेरा ही था." व्याकरण बरोबर होतं की नाही हे बघायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

मी तिथे असेपर्यंत त्या एकदाही पहिल्या आल्या नाहीत. पण हळूहळू त्या सगळ्यांचे ट्रक त्यांच्या व्हरांड्यात यायला लागले. कुणाचं बेअरिंग अडकलंय, कुणाच्या दातेरी चाकाचा दाता तुटलाय. लाल फीतवाला तर स्वतःची खुर्चीच घेऊन आला. सिंधूताई त्याला ओरडायच्या, "भार ऊपर रखोगे तो गिरोगे, कितनी बार बोला?" त्या वर्षी बदलीचा अर्ज कुणी केला नाही. मुकुंदरावांनी विचारलंही नाही.

परवा मी जयपूरला जाऊन आले. पिवळा रंग वाट बघणाऱ्या एका शिक्षिकेला दिला होता. रंग रिकामा ठेवायचा नाही, असं सिंधूताईंनीच मागे एकदा भांडून ठरवून घेतलं होतं म्हणे. व्हरांड्यातल्या टेबलावर दोन ट्रक उघडे पडले होते. मी कामाला लागले. सुटे भाग डब्यांत भरले, मालकांना निरोप पाठवले की आपापले घेऊन जा. शनिवारी ते आले, पण घेऊन गेले नाहीत. तिथेच बसून दुरुस्त करायला लागले. उजेड इथेच चांगला येतो, म्हणाले. एकाने स्क्रू सांडले, दुसरा त्याला बोलला. मुकुंदराव आतून चहा घेऊन आले, नेहमीसारखा जास्त गोड.

रात्री निघताना मी त्यांना विचारलं, आता तरी रत्नागिरीकडे जाणार ना? बदलीचा अर्ज मीच लिहून देते, चार ठिकाणी पाठवू.

"बघू," ते म्हणाले. टेबलावरचा दिवा त्यांनी मालवला, पुन्हा लावून एक स्क्रू शोधून डबीत टाकला. "पण शनिवारी ही माणसं येतात हो. दार कोण उघडणार?"