बोटभर मागं

दुपारची भाकरी खाऊन रंगराव सुतार गिरणीतच पोत्यावर आडवा झालाय. डोळा लागतोय असं वाटतं आणि लागत नाही. उशाशी इंजिन, इंजिनाला उघडा पडलेला डिझेलचा पंप, आणि पंपाच्या तोंडाला लावलेल्या वाकड्या नळीतून गळणारा थेंब. टप्. मग बराच वेळ काही नाही. परत टप्.

गिरण घराला लागूनच, आणि ती चालवायची हौसा, त्याची बायको. दळण तीच घ्यायची, पट्टा तीच चढवायची. रंगरावाकडं फक्त दुरुस्ती. उन्हाळ्याच्या तोंडाला हौसा दवाखान्यातच वारली आणि गिरण बंद पडली. मिरची कुटायचा डंका बसवायचा, हा तिचा शेवटचा हट्ट. तेवढा भार जुन्या पंपाला झेपला नसता, म्हणून रंगरावानं पंपात मोठा दट्ट्या घातलाय, जास्त डिझेल ढकलणारा. मग अडलंय कुठं म्हणाल, तर टायमिंगला.

म्हणजे असं बघा. इंजिनाचं मोठं चाक हातानं हळूहळू फिरवायचं. नळीतून डिझेल थेंबथेंब गळत असतं आणि एका जागी ते थांबतं. पंपानं डिझेल आत ढकलायला सुरुवात केली ती हीच जागा. तिथं इंजिनावरच्या काट्यासमोर चाकावर खडूची रेघ ओढायची, आणि रेघ चाकावरच्या कायमच्या खुणेशी जुळेपर्यंत पंपाखाली पातळ चकत्या घालायच्या नाहीतर काढायच्या. काम दोन माणसांचं. रंगराव चाक फिरवायचा आणि हौसा नळीपाशी उकिडवी बसून "थांबला!" म्हणून ओरडायची.

आता तो एकटाच. हात चाकावर, नजर नळीवर. तसं जमतंय, पण इंजिन चालू केलं की भसाभसा धूर ओकतं आणि दळायचा दगड टेकवला की मान टाकतं. चकत्या घालून घालून बोटं काळी झाली. लेक मंगल फोनवर म्हणाली, "आबा, द्या की सोडून आता." त्यानं ठरवलंय, आज नाही जमलं तर संध्याकाळी इंजिन भंगारात. ठरवताना वाईटसुद्धा वाटलं नाही. हल्ली त्याला काहीच वाटत नाही. हौसेला उचललं तेव्हा बायकांनी गळे काढले, आणि हा बाबा तिरडीच्या गाठी घट्ट बसल्यात का बघत होता!

टप्.

"अवं, दमानं फिरवा की."

नळीपाशी हौसा बसलीय. पदर खोचलेला, भुवयांवर पीठ. रंगराव चाकाला हात लावून उभा आहे. पोत्यावरनं कधी उठला, त्याचं त्याला ठाऊक नाही.

"कवा आलीस?" तो विचारतो.

"कुठं गेलते मी? फिरवा."

तो फिरवतो. थेंब लांबतो, बारीक होतो.

"थांबला!"

रंगराव चाक बोटभर मागं घेतो आणि खडू उचलतो.

"मागं का घेतलं?"

"नेहमीच घेतो."

"नेहमी मी उशिरा सांगायची म्हणून." हौसा हसते. "दारात बाया आल्या की मला बोलायचं असायचं. थेंब थांबून गेला की मग माझं ध्यान जायाचं. तुम्ही कधी बोलला न्हाई, गपचीप बोटभर मागं घ्यायचा. मला कळत नव्हतं व्हय?"

"मग बोललीस का न्हाई?"

"कशाला बोलू? इंजिन झ्याक चालायचं की! पण आता फिरवताय तुम्हीच, बघताय तुम्हीच. उशीर करायला मी हाय कुठं?"

छताला पंखा फिरतोय. इंजिनाच्या जागी दवाखान्यातली लोखंडी खाट आहे आणि हौसा तिच्यावर पडलीय, हात कोपरापर्यंत पिठाचे. भिंतीशी दळणाचे डबे घेऊन बायका रांगेत उभ्या आहेत. खाटेच्या वर सलाईनची बाटली. चाक मात्र अजून रंगरावाच्या हातात आहे. बाटलीतला थेंब थांबतो.

तो चाक बोटभर मागं घेतो. थेंब परत पडायला लागतो.

"बघ," तो म्हणतो. "पडतोय की."

"किती येळ धरणार?"

"सांजपतोर धरीन."

"आन् मग?"

"मग उद्या." चाक पुढं यायला ओढ घेतं. दंड भरून येतात, तरी तो सोडत नाही. "हौसे, मला एकट्याला न्हाई गं जमत."

हे तो कुणालाच बोललेला नाही, मंगललाही नाही.

"जमतंय की. माझी चूक मात्र अजून सांभाळत बसलाय." ती खाटेवरनं हात लांब करते आणि चाकावर ठेवते. दगडाखालनं निघालेल्या पिठासारखा हात गरम आहे. चाक बोटभर पुढं सरकतं. "हितं. सोडा आता. थांबला म्हंजी थांबला."

"भंगाऽर! लोखंड, पत्राऽ, डबा बाटलीऽ!"

रंगराव पोत्यावर उठून बसतो. दारात भंगारवाल्याचा हातगाडा थांबलाय.

"काका, काय द्यायचंय का?"

रंगराव तोंड उघडतो, आणि त्याची नजर चाकावर जाते. वंगणानं काळ्या झालेल्या कडेवर त्याची सकाळची खडूची रेघ आहे. रेघेच्या बोटभर अलीकडं, चाक तेवढं पुढं नेलं की काट्यासमोर येईल तिथं, एक पांढरा ठसा. तो वाकून वास घेतो. जोंधळ्याचं पीठ, ताजं. उन्हाळ्यापासून या गिरणीत मूठभर दाणाही पडलेला नाही.

"काका?"

"न्हाई," तो म्हणतो. "चालू इंजिन हाय."

गाडा खडखडत जातो. रंगराव चाक धरतो, ठशाला धक्का न लावता, आणि दमानं फिरवतो. थेंब लांबतो, बारीक होतो. सवयीनं हात मागं ओढ घेतो. तो दाबून धरतो.

"थांबला," रंगराव मोठ्यानं म्हणतो, आणि त्याला इतक्या महिन्यांचं रडू फुटतं. हात तो तिथंच ठेवतो.