दहा मिनिटांचा रस्ता

सबंध लातुरात सावकाश चालण्याची स्पर्धा ठेवली असती, तर आमच्या घरमालकीण काकूंचा पहिला नंबर कुणालाही हिरावून घेता आला नसता; बक्षीस घ्यायला मात्र त्या वेळेवर पोहोचल्या नसत्या. आमच्या गल्लीपासून भाजीबाजार दहा मिनिटांवर. काकूंना तेवढ्याला दीड तास लागे, आणि त्या पोहोचेपर्यंत बाजारात उरलेली असे कोमेजलेली मेथी. तीच त्या आनंदाने घेऊन येत.

मी डॉक्टर व्हायचं म्हणून लोह्याहून अकरावीला लातूरला आले होते. भूकंपाला काही वर्षं उलटून गेली होती आणि शहर ट्यूशनच्या घड्याळावर पळत होतं. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा बॅचच्या वेळा ओळखून आपोआप बाजूला होत. अशा त्या पळापळीत काकू मधोमध उभ्या असायच्या, कुठेतरी बघत. इस्त्रीवाल्याची बायको इस्त्री तापली का ते पाहायला बोटाने पाण्याचे थेंब उडवायची. ते 'चर्र' वाजलं की काकूंचा चेहरा खुलायचा. टँकर यायच्या आधी लोक आपापल्या घागरी रांगेत ठेवून घरी जात. काकू त्या लाल, निळ्या, पोपटी घागरींच्या रांगेपुढे उभं राहून म्हणायच्या, "बघ गं, पंगत बसल्यावानी दिसून राहिल्यात. आता कुणी वाढायला यावं, एवढंच." मी म्हणायची, "काकू, चला ना." त्या म्हणायच्या, "हाव, चालले की," आणि हलायच्या नाहीत. कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणारे चाचा त्यांना पाहून मनगटावरचं घड्याळ कानाला लावत. "क्या आपा, आज आधे घंटे में यहाँ तक? तबियत तो ठीक है ना?"

इथवर सगळं गल्लीला मान्य होतं. पण काकूंची दुसरी सवय महाकठीण होती. नवं बिऱ्हाड आलं की चहाचं आमंत्रण देऊन त्या पहिलाच प्रश्न टाकायच्या, "रात्री कुठल्या खोलीत झोपता?" एकदा बँकेतल्या कारकुनाचं नवं जोडपं समोर राहायला आलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. काकूंचा प्रश्न ऐकून ती मुलगी लाजून लाल झाली आणि तो खोकायला लागला. काकू गंभीरपणे म्हणाल्या, "खोकला असंल तर खिडकीजवळ नगा झोपू. पण कुठं झोपता ते सांगा." पुढच्या वसतिगृहाच्या बाईंनी तर त्यांना चोरांची हेर समजून गेटाबाहेर काढलं. काकू तिथेच पायरीवर बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या मुलींना विचारून दुपारपर्यंत सगळ्या खोल्यांचा पत्ता लावूनच उठल्या.

आम्ही वरच्या खोलीतल्या मुली त्यांच्या नकला करून हसायचो. मी सगळ्यात चांगली करायची.

बारावीच्या सराव परीक्षेच्या दिवशी काकू म्हणाल्या, "मीबी कोपऱ्यापर्यंत येते." नको म्हणवेना. वाटेत कुणाच्या तरी भिंतीवर पिंपळाचं रोपटं उगवलं होतं, त्याच्या तांबूस पानांपाशी त्या थांबल्या. माझा हात त्यांनी धरलेला. मी पोहोचले तेव्हा वर्गाचं दार लागलं होतं. सरांनी आत घेतलं नाही.

परत आले तर काकू ओट्यावर गवार मोडत बसलेल्या. मी तोंडाला येईल ते बोलले. "तुम्हाला काही काम नाही म्हणून सगळं जग थांबेल का? कुणाच्या घागरी, कुणाची झाडं, कोण कुठं झोपतं! तुम्हाला करायचंय काय?"

काकू रागावल्या नाहीत. हातातली शेंग मोडायची राहिली.

"आमचं गाव भूकंपात गेलं, ठाऊक हाय ना तुला?" त्या म्हणाल्या. "आमचं पत्र्याचं घर वाचलं. शेजारची गंगू दगडमातीच्या घरात. अकरा वर्षं भिंतीला भिंत लागून. रोज म्हणायची, बस की गं घडीभर. मी म्हणायची, उद्या येते. मला लई घाई असायची बघ. धारा, भाकरी, शेत. लष्कराची पोरं आली खणायला. इचारलं, ही बाई कुठं झोपायची? घरात सगळा ढिगाराच. सांगणारं दुसरं कुणी न्हाई. मला काय ठाऊक? कधी उंबऱ्याच्या आत गेलेच न्हाई. मी म्हणलं, पुढच्या खोलीत असंल. त्यांनी दिवस कलेपर्यंत पुढचं खणलं."

मी उभीच होते.

"मागं सापडली. मी हात लावला. अंग अजून कोमट होतं."

गल्लीतून सायकलींची एक बॅच घंट्या वाजवत गेली. काकूंनी हातातली शेंग मोडली.

"हितं आल्यावर आधी तेवढंच इचारायची, कोण कुठं झोपतं. मग इचारायला थांबलं की बाकीचंबी दिसायला लागलं. लई दिसतं गं. गंगूच्या दारात काय होतं, देव जाणे."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि उरलेली गवार मोडली. माफी मागायचं सुचलं नाही.

मी डॉक्टर झाले नाही. नांदेडला शाळेत शिकवते. काकूंच्या घराच्या जागी चार मजली वसतिगृह झालं आणि त्या पुतण्याकडे लातूरच्याच एका टोकाला राहायला गेल्या, हे मला फार उशिरा कळलं. भेटायला गेले तेव्हा त्या तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत खुर्चीत बसल्या होत्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. माझा आवाज त्यांनी ओळखला, गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "खाली काय चाललंय, सांग बरं. हितं समद्यांना घाई."

मी वाकून पाहिलं. "काही नाही काकू. नेहमीचंच."

त्यांचा चेहरा रस्त्याकडेच होता. मग मी पुन्हा पाहिलं.

"एक बाई दारात बसून लसूण सोलतेय."

"टरफलं कुठं टाकून राहिली?"

"पदरात. आणि तिची लहान मुलगी ती फुंकरीने उडवतेय."

"आई रागावली का?"

"नाही. तीही फुंकतेय."

काकू हसल्या. चाचपत माझा हात शोधून त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. "मग?" त्या म्हणाल्या.

माझी चारची नांदेडची गाडी होती. मी दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि पुढचं सांगायला लागले.